पोयीतला जिताडा

वलवण, लोणावळा
१ जून २०२५

प्रिय ताई,
सप्रेम जय भीम.

फोन असताना मी पत्र का लिहितो, असं तुला वाटेल. तुमच्याकडे फोन लागला की संदेश दाजी तो स्पीकरवर टाकतात. मग अर्धी वस्ती माझी विचारपूस करते आणि मला जे सांगायचं असतं ते राहून जातं. पत्र तू एकटी वाचशील.

बंगल्याचं काम ठीक आहे. पाहुणे आले की वाढायचं, गेले की आवरायचं. बंगला वलवण तलावाच्या काठावर, एका साहेबांचा आहे. कोणत्या खात्याचे ते कुणी सांगत नाही, सगळे नुसतं ‘साहेब’ म्हणतात. फाटकावर राखणीला औंढे गावचे भिकाजी आबा असतात. त्यांच्याशी माझं जमतं.

ताई, मला किळस आली आहे आणि ती जात नाही. परवाचे पाहुणे गेले तेव्हा बेसिनमध्ये हाडं होती. जास्वंदीच्या कुंडीत कुणीतरी ओकलं होतं आणि त्यावर आपल्या धुतलेल्या चादरीचा बोळा दाबून ठेवला होता. लहान मुलाचे घाण भरलेले लंगोट तलावाच्या काठावर, अगदी ओळीने. मी ते उचलत होतो तेव्हा आबा म्हणाले, “ह्यास्नी घरी कुणी काय शिकवत न्हाई का रं? आमची ढोरंबी यापरीस बरी, एका जागी बसत्यात.” मी हसलो, पण नंतर जेवण गेलं नाही. साबणाने कितीही हात धुतले तरी बोटांना वास येतो असं वाटत राहतं.

आबांनी अजून एक सांगितलं. ह्या तलावाचं पाणी डोंगर उतरून खोपोलीला जातं, तिथे वीज करून पाताळगंगेला मिळतं आणि शेवटी तुमच्या खाडीत येतं. तेव्हापासून काठावर काहीही पडलेलं दिसलं की मला वाटतं, हे ताईच्या दारात जाणार. म्हणून कुणी सांगितलं नसताना मी काठही झाडतो.

तुझी खाडी कशी आहे ते लिही.

तुझा,
सत्यम

•

पांढरखार, ता. पेण
७ जून २०२५

चि. सत्यम,
जय भीम आणि खूप आशीर्वाद.

तुझं अक्षर बघून पोस्टमन मला विचारतो, “वहिनी, कोर्टाचं काही आहे का?” इतकं नीट नको लिहीत जाऊस, माणसं घाबरतात.

हात धुणं कमी कर. लहानपणीही तू असाच होतास. आई म्हणायची, ह्याच्या साबणाला वेगळा पगार लागेल.

खाडीचं सांगते. खाडीचा जो फाटा आमच्या बांधामागून आत शिरतो त्याला इथे पोय म्हणतात. दोन्ही काठांना तिवरांची दाट झाडी आहे. दोन वर्षांपूर्वी गावाने ठरवलं की पोयीत कुणी जाळं टाकायचं नाही, तिवर तोडायची नाही, बायकांनीही चिंबोऱ्या-शिंपल्यांना उतरायचं नाही. पुरुषांना ठरवायला काय जातं? ते मोठ्या खाडीत होड्या घेऊन जातात. चिखल आम्हा बायकांचा. आमचं वरखर्चाचं सगळं त्यातूनच निघायचं. तरी मी घरोघर फिरून सगळ्यांना तयार केलं. आगरी आळीतली धोंडामावशी सगळ्यात शेवटी तयार झाली. तिने चिंबोऱ्या विकून चार मुलींची लग्नं केली आहेत. मला म्हणाली, “परेरना, तू सांगतेस म्हनून थांबते. पन एकानं जरी पोयीत जालं टाकलं ना, तं मी पैली उतरीन.”

अजून कुणी उतरलं नाही. आणि सत्यम, पोय आता बघायला ये. पाणमांजरं परत आली आहेत. सकाळी पिल्लांना घेऊन चिखलावरून घसरगुंडी करतात. तांबड्या पायांचे पक्षी येतात. आणि जिताडे! बाहेरच्या खाडीत मोठा जिताडा आता नावाला उरला नाही, पण पोयीत पाणी शांत असलं की एकेक पाठ वर येते, माणसाच्या मांडीएवढी. तोंडाला पाणी सुटतं, पण कुणी हात लावत नाही.

काळजी एकच आहे. एका गोदामवाल्याला पोयीचं तोंड भराव टाकून बुजवायचं आहे. गावाच्या समितीने हरकत घेतली आहे. भिमाजीभाऊ अध्यक्ष आहेत आणि तुझे दाजी सचिव. आपल्या वस्तीतला समितीवर गेलेला हा पहिलाच माणूस, त्यामुळे तेही जरा छाती काढून चालतात. कुणी मोठे साहेब मदत करणार आहेत म्हणे. फाईल त्यांच्याकडेच आहे.

वेळेवर जेव.

तुझी,
प्रेरणाताई

•

वलवण
१६ जून २०२५

प्रिय ताई,
सप्रेम जय भीम.

पत्र मिळालं. पाणमांजरांचं वाचून बरं वाटलं. आबांनाही वाचून दाखवलं. ते म्हणाले, “मांजर पान्यात घसरगुंडी खेळतंय? लय मजा हाय तिची.”

शनिवारी इथे साहेबांकडे माणसं होती. दुपारी एक मोठा मासा आला. जिताडाच होता. स्वयंपाक्याला माशाचं येत नाही, म्हणून साफ करायला मला दिला. पोट कापलं तर दोन्ही बाजूंना अंड्यांची गाबोळी भरलेली होती, पिवळीधमक. मी ती वेगळी ठेवली. एक बाई आत डोकावून म्हणाल्या, “ई, हे काय आहे? फेक आधी ते.” फेकावी लागली. मासाही त्यांना आवडला नाही, खाडीचा वास येतो म्हणाले. अर्धा तसाच ताटांत राहिला. कुणीतरी डोक्यात सिगारेट विझवली होती.

रात्री डोळे मिटले की ते डोकं दिसतं.

ताई, एक विचारायचं आहे. मी तुला दिलेली निळी बर्फाची पेटी घरी आहे ना? मासळी बाजाराला न्यायची ती. कोपरा फुटला होता आणि मी तांब्याच्या तारेने शिवला होता, ती. सहज विचारतो.

तुझा,
सत्यम

•

पांढरखार
२२ जून २०२५

चि. सत्यम,
जय भीम.

तुझ्या ‘सहज’ला मी चांगलं ओळखते. पेटी परत हवी असेल तर सरळ माग. चिंबोऱ्या बंद झाल्यापासून ती माझ्या काही कामाची नाही. भिमाजीभाऊ मागून घेऊन गेले, समितीच्या जेवणाला बर्फ लागतो म्हणे. दाजींना सांगते, पुढच्या खेपेला घरी आणतील. तार अजून पक्की आहे बरं का. टाके बघून भिमाजीभाऊ म्हणाले, शिंपी आहे का तुमचा भाऊ?

त्या माशाचं वाचून मलाही कसंतरी झालं. गाबोळी फेकली? या दिवसांत पोटात गाबोळी असलेला मासा धरलाच कुणी? धोंडामावशी सांगते, मोठा जिताडा म्हणजे मादीच. लहान असतो तेव्हा नर, वाढला की आई होतो. म्हणून मोठा कधी धरायचा नाही, एक धरला की पुढची सगळी पोरं गेली. कुठल्या दळभद्री गावातून आणला असेल कोण जाणे.

पेटी तुला हवी का ते लिही.

तुझी,
प्रेरणाताई

•

वलवण
२७ जून २०२५

प्रिय ताई,
सप्रेम जय भीम.

हे पत्र मी फाडून पुन्हा लिहिलं आहे. न लिहिता राहावं असंही वाटलं.

पेटी मला नको आहे. ती मी इथे पाहिली. मासा त्याच पेटीतून आला होता. मी तारेवर बोट फिरवून बघितलं, टाके माझेच आहेत.

आबांना विचारलं, पेटी कुणी आणली. ते म्हणाले, “पेनकडचे दोगं व्हते जीपमंदी. एक बोलका. दुसरा खाली मान घालून गाडीतच बसला व्हता. मी म्हनलं, पाव्हनं, च्या घ्या. तर मान बी वर केली न्हाई.” आबा असंही म्हणाले की पेटी उन्हाळ्यातही येऊन गेली होती. तेव्हा मी माळ्यावरच्या गाद्या वाळवत होतो, म्हणून मला दिसली नाही.

आणि हे ऐक. ताटं उचलताना मी तिथेच होतो. साहेबांना एकाने विचारलं, हा मासा दर वेळी येतो कुठून? साहेब म्हणाले, “एका गावाची फाईल आहे माझ्याकडे. ती पडून आहे तोवर मासा येत राहतो. निकाल लावला तर कोण विचारतो आपल्याला?” सगळे हसले. मी ताटं घेऊन आत आलो आणि मोरीवर ओकलो. नंतर मोरी धुतली.

आपले आजोबा आठवतात. छप्पन साली त्यांनी टाकव्यात गावची मेलेली ढोरं ओढायचं सोडलं. म्हणाले, आता कुणाच्या दारात मेलेलं काही घेऊन जाणार नाही. उपाशी राहिले, पण गेले नाहीत. गाडीत मान खाली घालून बसलेला माणूस कोण होता हे मला माहीत नाही. माहीत नसलेलंच बरं.

तू हे कुणाला सांगावंस की नाही ते मला कळत नाही. माझं चुकलं असेल तर रागाव.

तुझा,
सत्यम

•

पांढरखार
६ जुलै २०२५

सत्यम,

गाडीत दाजीच होते.

मी पत्र त्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी ते वाचलं. मग म्हणाले, “मासे वाचवायचे तर चार मासे द्यावे लागतात, प्रेरणा. रिकाम्या हाताने गेलो तर साहेब बसा पण म्हणत नाहीत.” इकडे हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. कुणाकडे काम अडलं की जिताडा घेऊन जायचं. जेवढा जिताडा मोठा, तेवढं काम लवकर. आणि मोठा आता फक्त पोयीत मिळतो. मिळतो, कारण आम्ही दोन वर्षं पोटाला चिमटा घेऊन तो राखला.

म्हणजे बघ. पोय वाचवायला पोयीतल्याच आया मारायच्या आणि त्या नेऊन अशा माणसाला द्यायच्या, जो पोय वाचवणार नाही, कारण ती वाचली तर त्याचा मासा बंद होतो. मी दाजींना म्हटलं, तुम्हाला कळतं का तुम्ही काय केलंत? ते म्हणाले, “भिमाजीभाऊंनी पहिल्यांदा गाडीत शेजारी बसवलं. नाही कसं म्हणणार होतो?”

त्या दिवशी मी त्यांना डबा करून दिला होता, सत्यम. अर्ज द्यायला निघाले म्हणून. मला माझ्या हातच्या भाकरीची शिसारी आली.

आता पेच माझा आहे. बायकांना सांगितलं तर धोंडामावशी बोलल्याप्रमाणे पहिली उतरेल. तिच्यामागे सगळ्या उतरतील आणि आठ दिवसांत पोय खरवडून निघेल. त्यांचं काही चुकणारही नाही. नाही सांगितलं तर त्यांच्या दारोदार जाऊन खोटं बोललेली बाई मीच. रोज बांधावर भेटतात. धोंडामावशी काल हसून म्हणाली, “परेरना, तुजी पोय लय भरलीय गं.” मला तिच्याकडे बघवलं नाही.

तुझ्यावर राग नाही.

ताई

•

वलवण
९ जुलै २०२५

प्रिय ताई,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र आजच मिळालं आणि लगेच लिहितो, कारण उशीर होऊन चालणार नाही. श्रावण लागायच्या आधी साहेबांची आखाडाची पार्टी आहे, १९ तारखेच्या शनिवारी. खूप माणसं येणार आहेत. साहेब माझ्यासमोर फोनवर कुणाला तरी म्हणाले, “सहा लागतील. लहान नकोत. मागच्यासारखे भरलेले आण.” समोरचा काहीतरी कळवळून बोलत होता. साहेब म्हणाले, “मग फाईल घेऊन जा तुमची. गोदामवालाही येतो माझ्याकडे.”

भरलेले म्हणजे काय ते तुला कळलं.

काय करावं हे मला सांगता येत नाही. सांगू नकोस असं लिहिलं तर सहा जातील. सांग असं लिहिलं आणि बायका उतरल्या तर सगळेच जातील, आणि ते माझ्या पत्रामुळे होईल. मला झोप नाही. आबा म्हणाले, “तुजी ताई त्या बायांस्नी वळखती का तू? मग तिला ठरवू दे की.”

म्हणून फक्त तारीख कळवतो.

तुझा,
सत्यम

•

पांढरखार
१४ जुलै २०२५

चि. सत्यम,
जय भीम.

सांगितलं.

काल ओहोटीला सगळ्या बायकांना बांधावर बोलावलं आणि तुझं ते ताटांचं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. दाजींनाही समोर उभं केलं. कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. धोंडामावशीने लुगडं वर खोचलं आणि पोयीच्या चिखलात उतरली. तिच्यामागे सगळ्या. मला वाटलं, संपलं.

पण ती वाकली नाही. मांडीपर्यंत चिखलात उभी राहून वळली आणि म्हणाली, “उतरीन बोललेली, उतरली. आता जालं कुटं लावलंय ते दाखव, संदेश.”

दाजींनी दाखवलं. पोयीच्या तोंडाशी, तिवरांच्या आड, मुळांना बांधलेलं होतं. शनिवारच्या सहांसाठी. आम्ही ओढायला लागलो आणि आधी वास आला. जाळ्यात पाणमांजराचं पिल्लू होतं, फुगलेलं, तोंडात जाळ्याचा दोरा. दातांनी तोडायला बघत होतं बिचारं. दोन जिताडे जिवंत होते, त्यातली एक मोठी मादी, पोट टच्च. धोंडामावशीने तिला पोरीसारखं दोन्ही हातांवर घेतलं आणि पाण्यात सोडलं. बाकीच्या बायका बघत होत्या. एकीनेही पाटी पुढे केली नाही. कशी करणार? त्या वासात कुणाला काही खावंसं वाटलंच नसतं.

जाळं आम्ही तसंच ओलं, पिल्लासकट, भिमाजीभाऊंच्या ओट्यावर नेऊन टाकलं. त्यांची बायको नाकाला पदर लावून बाहेर आली, बघितलं, आणि नवऱ्याकडेच बघत राहिली. भाऊ म्हणतात, “अगं बायांनो, मी काय खाल्लं का? शनिवारी साहेबांना काय सांगू? रिकामी पेटी धाडू?”

धोंडामावशी म्हणाली, “रिकामी नको. वाईट दिसतं. बरफ भर.”

सगळ्या हसल्या आणि मग मला रडू आलं.

आता राखण आमची. ओहोटीला दोघी-दोघी बांधावर बसणार. पुरुषांनी दुसरी फाईल करावी, हातात काही न घेता जावं आणि कुणी बसा म्हणालं नाही तर उभं राहावं. पेटी घेऊन दाजी एकटेच येतील. तसं त्यांनीच मागून घेतलं. तू फाटकाजवळ राहा.

तुझी,
ताई

•

टाकवे बुद्रुक
२१ जुलै २०२५

प्रिय ताई,
सप्रेम जय भीम.

हे पत्र घरून लिहितो आहे. दाजी पोचले आहेत की नाही याची तू काळजी करत असशील, म्हणून आधी ते लिहितो. ते माझ्याबरोबर इथेच आहेत, बरे आहेत. काल आईने जेवायला वाढलं तर दोनदा भात घेतला.

शनिवारी ते एसटीने आले आणि स्टँडपासून पेटी डोक्यावर घेऊन चालत आले. भिजलेले होते. आबांनी चहा विचारला. या वेळी त्यांनी घेतला. मी बाहेर आलो तर माझ्याकडे बघून म्हणाले, “सत्यम, टाके चांगले घातलेस रे.” पेटीची एक बाजू मी धरली.

साहेबांनी पेटी व्हरांड्यातच मागवली, पाहुण्यांना दाखवायला. सगळे ग्लास घेऊन गोळा झाले. साहेबांनी झाकण काढलं. वर बर्फ होता. त्यांनी बाही वर करून हात घातला. मग मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत. चाचपत होते. चेहऱ्यावर हसू तसंच ठेवलं होतं. दुसरा हातही घातला. बर्फ फरशीवर सांडायला लागला. एक बाई म्हणाल्या, “खाली असतील.” साहेबांनी तळापर्यंत उपसलं. हात लालभडक झाले होते आणि त्यांत काही नव्हतं.

“जिताडे कुठे आहेत?” साहेबांनी विचारलं.

दाजी दाराजवळ उभे होते. कपड्यांतून अजून पाणी गळत होतं. पण मान वर होती. ते म्हणाले, “पोयीत आहेत, साहेब.”

कुणीतरी हसलं. साहेब फाईलचं काहीतरी ओरडले, गोदामवाल्याचं नाव घेतलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “बघतोस काय, आवर हे सगळं!”

मी आवरलं. सांडलेला बर्फ गोळा करून पेटीत भरला, फरशी पुसली, फडकं पिळून वाळत घातलं. मग पेटीची एक बाजू दाजींनी उचलली आणि दुसरी मी. फाटक आबांनी आधीच उघडून ठेवलं होतं. नोकरी गेली आहे. पगाराचं मी विचारलं नाही.

भराव पडेल की नाही, मला माहीत नाही. गोदामवाला आता मुद्दाम पाडेल, अशी भीती वाटते. दाजी म्हणतात, पाडायला आला तर आधी धोंडामावशी दिसेल त्याला.

तलावाच्या काठावर आम्ही बर्फ ओतला. काठ घाणच होता, पुन्हा कुणीतरी पत्रावळ्या टाकल्या होत्या. बर्फ वितळेपर्यंत मी त्या उचलल्या. दाजीही वाकले.

शुक्रवारी सकाळी आम्ही निघतो. मीही येतो. ओहोटीच्या राखणीला पुरुष चालत असेल तर मला एक पाळी दे. पेटी आणतो आहे. साहेबांनी उपसताना कोपऱ्याचा एक टाका सुटला आहे. तुमच्याकडे तांब्याची तार मिळत नाही, म्हणून इथून घेतली.

तुझा,
सत्यम